बॅरन्सची नोंदवही: ५७–५८ नव्हे, मंडळी!

आधी कबुली देतो. मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की माझ्याकडचा मुखपृष्ठ नसलेला सामन्याचा छापील प्रोग्रॅम क्लीव्हलँड बॅरन्स या आइस हॉकी संघाच्या १९५७–५८ सीझनचा आहे. चुकलो, साफ चुकलो. पण चूक कशी सापडली ते सांगितल्याशिवाय झोप यायची नाही, म्हणून रात्री अकराला लिहायला बसलोय.

माझा सगळा डोलारा जॉनी बॉवरवर उभा होता. लाइनअपमध्ये गोली (गोलरक्षक) म्हणून तोच. बॉवर बॅरन्सकडून दोन खेपांत खेळला: १९४५ ते ५३, आणि मग रेंजर्स, प्रॉव्हिडन्स वगैरे संघ करून १९५७–५८चा एकच सीझन, तिथून टोरांटोला. पाहुणा संघ हर्शी, पण हर्शी १९३८पासून एएचएलमध्ये (अमेरिकन हॉकी लीग, सर्वोच्च एनएचएलच्या खालची) ठाण मांडून बसलेला, त्याचा उपयोग शून्य. विक्रेत्याने पाकिटावर लिहिलं होतं ‘फिफ्टीज, एनएचएल’. अहो, एनएचएलमधले बॅरन्स १९७६–७८चे, रिचफिल्डच्या कोलिझियममधले! नाव तेच, संघ निराळा. २००१मध्ये आले ते तिसरेच. या माणसाकडून पुन्हा काही घ्यायचं नाही असं दर वेळी ठरवतो आणि दर वेळी घेतो, कारण माल त्याच्याकडेच असतो. तर मी ५७–५८ कशावरून ठरवलं? टाइप जरा ‘नवा’ वाटला म्हणून. पुरावा नव्हे, नुसता वास.

शेवटचं पान अल्बमच्या काळ्या कागदाला चिकटलेलं होतं हे तुम्हाला आठवत असेल. एका काकांनी बजावलं होतं, किटलीची वाफ देऊ नकोस, ओला टिपकागद मागून ठेव, वर काच, वीस मिनिटं थांब आणि काळा कागद बोटाने वळकट्या करत काढ. पहिल्या दोन इंचांना तसंच केलं. जुनी खळ होती, छान सुटली. खाली पुढच्या सामन्यांची पट्टी निघाली. त्यात ‘सिराक्यूज’ आणि ‘सेंट लुईस’ ही नावं स्वच्छ!

इथेच ५७–५८ मेलं. सिराक्यूज वॉरियर्स एएचएलमध्ये १९५१ ते ५४, सेंट लुईस फ्लायर्सने १९५३ला गाशा गुंडाळला. म्हणजे ५१–५२ किंवा ५२–५३, तिसरा पर्याय नाही. पट्टीच्या टोकाला ‘बुधवार १४’ असंही होतं, पण महिना नेमका फाटलेल्या कडेत गेलेला. मी जुनी कॅलेंडरं काढली. ५१–५२मध्ये १४ तारखेला बुधवार फक्त नोव्हेंबर १९५१मध्ये येतो. ५२–५३मध्ये फक्त जानेवारी १९५३मध्ये. दोन्ही सीझनना एकेक बुधवार! डोकं आपटावंसं वाटलं.

मग उतावळेपणा केला. पट्टीखाली गुणतक्ता होता, तो आजच बघायचा म्हणून स्पंजने पाणी जरा जास्तच लावलं. काळ्या कागदाचा रंग सुटला आणि तक्त्यावर वांग्याच्या भरतासारखा लगदा पसरला. संघांची नावं, आकडे, सगळं गडप. हिने बघून एवढंच म्हटलं, “आता तरी रद्दीत टाकायचं का?” तिला बॅरन्सच्या घरच्या मैदानात, क्लीव्हलँड एरिनात, फक्त २१ मार्च १९५२च्या मूनडॉग कॉरोनेशन बॉलमध्ये रस, पहिली रॉक कॉन्सर्ट म्हणतात ती. प्रोग्रॅम ५१–५२चा निघाला असता तर निदान त्याच हिवाळ्यातला म्हणून तिला कौतुक वाटलं असतं.

चार दिवस ते पान पुठ्ठ्यांमध्ये दाबून ठेवलं. स्कॅनरवर १२०० डीपीआयला स्कॅन केलं, निळा चॅनल वेगळा काढला, काही नाही. (स्कॅनरचा उजेड कागदाला लागून आडवा पडत नाही. अशा कामाला तो कुचकामी, हे माझं ठाम मत झालंय.) आज संध्याकाळी पान उलटं केलं आणि साधी टॉर्च टेबलाला टेकवून आडवी धरली. खिळ्यांची, म्हणजे धातूच्या टाइपाची छपाई! टाइपाने कागद दाबलेला होता, पाठीमागे उठाव आला होता. अक्षरं वाचता येत नव्हती, पण ओळी मोजता येत होत्या. बोटानेसुद्धा जाणवत होत्या. एक, दोन, तीन... सात. पुन्हा मोजल्या. सातच, आणि मध्ये कुठे मोकळी जागा नाही.

५१–५२मध्ये नऊ संघ होते, पूर्व गटात चार, पश्चिमेत पाच. इंडियानापोलिस आणि सिनसिनाटी गेल्यावर गट मोडले आणि ५२–५३ला सात संघांचा एकच तक्ता उरला. पुढच्या वर्षी सेंट लुईसही गेलं, राहिले सहा. बॉवरच्या दोन्ही खेपा धरल्या तरी सात संघांचा सीझन एकच.

आणि सीझन तरी कोणता! १९५२मध्ये एनएचएलने क्लीव्हलँडला लीगमध्ये घ्यायला अटी घालून होकार दिला आणि पैशांच्या अटीवर सगळं फिसकटलं. त्याच्या पुढचाच हा सीझन. बॅरन्सनी स्टॅन्ली कपसाठी, म्हणजे एनएचएलच्या करंडकासाठी, आव्हान दिलं, एनएचएलने ते झिडकारलं. मग एएचएलच्या कॅल्डर कपची फायनल पिट्सबर्गशी, सातवा सामना, ओव्हरटाइममध्ये बॉब क्रिस्टलचा एकमेव गोल, १–०. संघाचा कारभार तेव्हा जिम हेंडीकडे होता. हा माणूस मुळात आकडेवाला, तिशीच्या दशकापासून हॉकीच्या आकडेवारीची पुस्तकं काढायचा. आपल्यासारख्यांचं कुलदैवतच. त्याच्या संघाचा तक्ता ओळी मोजून ओळखला गेला याची मला जरा जास्तच गंमत वाटतेय.

आता पुढचं. शनिवारी क्लीव्हलँड पब्लिक लायब्ररीत जाऊन ‘प्लेन डीलर’ या वर्तमानपत्राच्या मायक्रोफिल्ममध्ये जानेवारी १९५३चा पहिला पंधरवडा चाळायचा होता, म्हणजे हर्शीबरोबरचा नेमका सामना कळेल. लाइनअपवर कुणीतरी पेन्सिलीने गोलांच्या खुणा केल्यात, त्या पडताळता येतील. जॅक्सनव्हिलचा घोळ त्यानंतर. (संघमालक निक माइलेटीने १९७२ला त्याच एरिनात डब्ल्यूएचए या नव्या प्रतिस्पर्धी लीगचे क्रुसेडर्स आणले आणि १९७३मध्ये भर सीझनमध्ये बॅरन्स फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला गेले. तो सीझन एकाच रकान्यात भरू नका, दोन शहरं दोन रकाने, एवढंच आज सांगतो.)

थांबा. लिहिता लिहिता सुचलं. ओळींचा उठाव दिसतो तर गुणांच्या आकड्यांचा का दिसू नये? आकडे नावांपेक्षा सुटे असतात. चारही बाजूंनी टॉर्च धरून चार फोटो काढायचे, आरशातल्यासारखे उलटवायचे आणि एकावर एक ठेवायचे. सातपैकी तीन संघांचे गुण जरी लागले तरी तक्ता कोणत्या दिवसाचा ते कळेल. मग मायक्रोफिल्मची पंधरा दिवसांची रिळं कशाला, दोन दिवसांचे अंक बघितले की झालं.

आत्ताच करून पाहिलं. तिसऱ्या ओळीत एक गोल आकार आहे, शून्य असेल, सहा असेल, नाहीतर आठ. तेवढ्यात टॉर्चचे सेल संपले. स्वयंपाकघरातल्या घड्याळाचे काढून घातलेत. सकाळी हिने वेळ बघायच्या आत परत बसवायला हवेत.