दुधी अपडेट ४: सतरावी कळी टिकली!

मंडळी, दुधी धरला! आज आठवा दिवस. वितीहून मोठा झालाय, देठ खाली वाकलाय, अंगावरची लव सकाळच्या उन्हात चमकतेय. जुलैतलं माझं "दुधी धरतच नाही"चं रडगाणं ज्यांनी निमूट ऐकून घेतलं, त्यांना ही बातमी आधी द्यायची होती.

गच्चीवरचा ड्रम नंबर तीनच, तोच अर्धा कापलेला निळा. खाली रसवंतीचं चिपाड, वर पालापाचोळा आणि गांडूळखत. (कोकोपीटवाल्यांनी माफ करावं, पण पुण्यात गल्लोगल्ली चिपाड फुकट मिळत असताना नारळाच्या भुशाच्या विटा विकत आणून भिजवत बसणं मला पटत नाही.) बियाणं राहुरीचं सम्राट. मंडपावर वेल असा पसरला की शेजारच्या काकूंनी वाळवणाची दोरी हलवली. थ्री-जी कटिंगनंतर (शेंडे खुडत खुडत तिसऱ्या पिढीच्या फांद्या आणायच्या) मादी फुलंही भरपूर आली. आणि इथून पुढे सगळा आनंद. बोटाएवढा दुधी घेऊन फूल यायचं, दोन दिवसांत टोकाकडून पिवळं पडायचं, चौथ्या दिवशी ड्रममध्ये. लेक चौथीत आहे. तिने वहीत रेघा ओढायला सुरुवात केली. पंधरा ऑगस्टपर्यंत सोळा रेघा.

आधी वाटलं, वेल उपाशी आहे. केळीच्या सालांचं पाणी झालं, राख झाली, निंबोळी पेंड झाली. पानं सुपाएवढी झाली, दुधी गळतच राहिले.

मग फळमाशी. गळलेले दुधी चिरून बघितले तर दोघांत अळ्या निघाल्या, म्हटलं सापडला चोर. बाजारातून सापळा आणला. तीन आठवडे टांगला, आत एक माशी नाही. शेवटी चष्मा लावून ल्यूरच्या, म्हणजे माशीला ओढणाऱ्या आमिषाच्या, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली: मिथाइल युजेनॉल. अहो, ते आंबा-पेरूच्या माशीसाठी! वेलवर्गीयांच्या माशीला क्यू ल्यूर लागतं. परत गेले तर दुकानदार म्हणाले, "ताई, माशी ती माशीच." दुकानाचं नाव लिहीत नाही, पण तुम्ही पाकीट उलटं करून वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. क्यू ल्यूर लावल्यावर दुसऱ्याच दिवशी सापळ्यात अकरा माश्या. त्या दिवशी घरी शिरा झाला.

गळ मात्र थांबली नाही. बाकीच्या चौदांत अळी नव्हतीच.

राहिलं परागीभवन. तेही करत होते हो! रोज सकाळी साडेसहाला, ऑफिसच्या आधी, नर फूल तोडून, पाकळ्या सोलून, मादी फुलावर फिरवायचं. गेल्या वर्षी लाल भोपळ्याला हेच केलं आणि पाच भोपळे धरले, त्यामुळे पद्धतीवर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. नऊ वेळा केलं. नऊही वेळा पिवळं.

कुठेतरी वाचलं होतं, २०११ साली नेदरलँड्समध्ये काही जणांना आधी ताण येईल असं काम दिलं, मग अर्ध्यांना अर्धा तास बागकाम आणि अर्ध्यांना अर्धा तास वाचन. बागकाम करणाऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जास्त उतरलं. खरं असेल. त्यांच्याकडे दुधी नव्हता, एवढंच माझं म्हणणं.

परवाच्या गुरुवारच्या आधीचा गुरुवार. मी खाली कॉलवर, लेक गच्चीवर आजीबरोबर. पावणेसहा-सहाच्या सुमारास जिन्यावरून धडधडत आली. "आई, कळी हलतीये!" कॉल म्यूट करून वर गेले. सकाळी जी मला घट्ट मिटलेली "उद्याची कळी" वाटली होती, ती चुण्या पडलेल्या मलमलीसारखी सुटत होती. दहा-पंधरा मिनिटांत पांढरंशुभ्र फूल, सपाट उघडलेलं.

म्हणजे सकाळी साडेसहाला मी ज्यांची लग्नं लावत होते ती आदल्या संध्याकाळची, मान टाकलेली फुलं होती.

दुधी संध्याकाळी फुलतो. पांढरा असतो तो अंधारात पतंगांना दिसावा म्हणून. दोडकाही संध्याकाळचाच, पिवळा असून. काकडी, कारलं, लाल भोपळा सकाळचे. एकच घराणं, दोन शिफ्टा. मोगरा-रातराणी जिच्या दारात वाढली तिला हे सुचू नये! सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलं तुला माहितीये." आता काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या कॉलला कॅमेरा बंद, फोन कुर्त्याच्या खिशात, कानात इअरफोन. ताज्या नर फुलाचा पराग बोटाला हळदीसारखा लागतो, सकाळी कधीच लागला नव्हता. मादी फुलाच्या मधल्या जाड भागावर तो सगळीकडून टेकवायचा, हे काम लेकीने केलं, माझी बोटं जाड पडतात. तीन फुलं झाली आणि पाऊस आला. लेकीने श्रीखंडाच्या डब्याची झाकणं आणून कपड्यांच्या चिमट्यांनी फुलांवर छप्पर बसवलं. एक तरीही कुजलं, एक अजून काठावर आहे, आणि तिसरा म्हणजे हा आपला हिरो.

तर यापुढे रोज संध्याकाळी हाताने, असं मी लिहिणार होते. पण लिहिता लिहिता एक प्रश्न पडला: पतंग का येत नाहीत? जूनपासून सोसायटीने सीसीटीव्हीसाठी गच्चीवर फ्लडलाइट लावलाय, नेमका मंडपाच्या डोक्यावर. काल रात्री वर जाऊन बघितलं, सगळे पतंग त्याच्याभोवती गरगरताहेत. वेलावर एकही नाही. म्हणजे अर्ज खतवाल्याकडे नाही, सेक्रेटरींकडे करायला हवा. दिव्याचं तोंड जिन्याकडे वळवलं तरी पुरे. कुणी असं करून बघितलंय का? मी आधी आठवडाभर लेकीकडून दोन्ही ठिकाणचे पतंग मोजून घेणार आहे, आकडे असले की सेक्रेटरी ऐकतात.

बाकी किरकोळ: चवळीवरचा मावा आपोआप आटोक्यात. मी नीमतेलाचा पंप भरला होता, पण लेकीने "ही बाळं आहेत" म्हणून अडवलं. काळी, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी अळी. मावा खाणाऱ्या ढालकिड्याचीच निघाली. पंप तसाच ओतून दिला. टोमॅटोबद्दल विचारू नका.

हिरोचं काय करायचं यावरून घरात दोन पक्ष. सासूबाईंना चणाडाळ घालून भाजी हवीय, पुढच्या चार-सहा दिवसांत, कोवळा असताना. (कापल्यावर आधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी फेका, कडू दुधी पोटात जाणं जिवावर बेततं.) लेक म्हणते, तोडायचाच नाही. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे याचाच भाऊबंद, पंढरपूरकडे पिकतो आणि वाळवून मिरजेच्या कारागिरांकडे जातो, हे मीच तिला मोठ्या हौशीने सांगितलं होतं. आता तिला वेलावरच वाळवून खुळखुळा करायचाय. वाळायला काही महिने लागतील आणि तेवढ्यात वेल पुढचे दुधी धरायचं मनावर घेणार नाही. मी भाजीच्या बाजूची होते.

पण चौथ्या दिवशी तिने टाचणीने त्याच्या सालीवर स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. आजी खूप ओरडली. सालीवर आता पांढुरकी खपली धरलीय आणि दुधीबरोबर अक्षरही वाढतंय. कोरलं तेव्हा एक सेंटिमीटर होतं. आज सकाळी पट्टी लावली, पावणेतीन.