पैसे घ्यायला पिन लागत नाही: जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन व्यवहाराबद्दल

ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर सोफ्याची जाहिरात टाकली, लगोलग फोन आला आणि समोरच्याने वस्तू न बघता, घासाघीस न करता सांगितलेली किंमत कबूल केली, तर तिथेच सावध व्हा. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या टॉवरमध्ये राहणारा खरा गिऱ्हाईक आधी लांबी-रुंदी विचारतो, कारण सोफा लिफ्टमध्ये मावेल की जिन्यावरून हमाल लावावे लागतील, हे त्याला बघायचं असतं. ज्याला सोफा नकोच आहे, त्याला हे प्रश्न पडत नाहीत.

पुढचं बोलणंही बहुतेक ठरलेलं असतं. मी लष्करात आहे किंवा सीआयएसएफमध्ये आहे, इथे बदली झाली आहे, सामान न्यायला टेम्पो पाठवतो, पैसे मात्र आत्ताच देतो. सोबत गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र येतं, तेही बहुधा दुसऱ्या कोणाचं चोरलेलं. मग क्यूआर कोड येतो: 'स्कॅन करो, पैसा आ जाएगा.' यूपीआयचा पिन लागतो तो पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला. पैसे घ्यायला पिन नाही, ओटीपी नाही, आलेला कोड स्कॅन करणंही नाही. आधी एक-दोन रुपये खरोखर पाठवून विश्वास मिळवतात आणि नंतर मोठ्या रकमेचा कोड धाडतात. त्या कोडवर पिन टाकला की तेवढी रक्कम आपल्याच खात्यातून जाते. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे मागण्याची कलेक्ट रिक्वेस्ट यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, त्यामुळे एक वाट बुजली. क्यूआरची वाट मात्र उघडी आहे, आणि व्यापारी म्हणून नोंदलेल्या काही खात्यांवरून रिक्वेस्ट येऊ शकते. घरातल्या ज्येष्ठांना हे एकदा शांतपणे, फोन हातात घेऊन दाखवा. जुनं सामान विकायचं काम पुष्कळ घरांत त्यांच्याकडेच असतं.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. हुबेहूब दिसणारी हिरवी खूण दाखवणारी बनावट ॲप आहेत. 'खात्यात रक्कम जमा' असा एसएमएस साध्या दहा आकडी नंबरवरून आला असेल, तर तो बँकेने पाठवलेला नाही. आपल्या बँकेचं ॲप उघडून शिल्लक वाढली का ते स्वतः बघायचं आणि मगच वस्तू उचलू द्यायची. 'चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा' असं कोणी म्हणालं, तरी आधी हेच करायचं. पेमेंट अडकलंय म्हणून एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं ॲप किंवा एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून आलेलं ॲप) टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या.

एक धोका अजून पुरेसा माहीत नाही. माणूस समोर उभा आहे, पैसेही खरे आले, पण पाठवणाऱ्याचं नाव वेगळंच आहे. तो म्हणतो, भावाच्या खात्यातून टाकले. कधी ते खरंच असतं. पण कधी ते पैसे तिसऱ्याच कोणाला फसवून तुमच्या खात्यात वळवलेले असतात. त्या माणसाने तक्रार केली की तपास पैशाच्या मागावर तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि बँक तेवढी रक्कम किंवा अख्खं खातं गोठवते. म्हणून पैसे देणाऱ्याचं नाव आणि समोरच्याचं ओळखपत्र जुळलंच पाहिजे. जुळत नसेल तर रक्कम स्वतःच परत पाठवू नका, बँकेला कळवा. रोख घेत असाल तर दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोखीने घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, एवढं लक्षात ठेवा.

विकत घेणाऱ्याने फोनच्या बाबतीत घाई अजिबात करू नये. *#०६# दाबा, दिसणारा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी ताडून बघा. मग इंग्रजीत KYM लिहून एक जागा सोडा, तो आकडा टाका आणि एसएमएस १४४२२ वर पाठवा, किंवा सरकारच्या संचार साथी ॲपमध्ये तपासा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा ऑलरेडी इन यूज आलं तर तो फोन कितीही स्वस्त असो, घेऊ नका. चोरीची आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असूनही वस्तू घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा ठरतं, आणि बाजारभावाच्या निम्म्याहून कमी किंमत, बिल नाही, खोकं नाही, हे सगळं तसं कारण म्हणून मांडलं जाऊ शकतं. आयफोन असेल तर मालकाने 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करून, ॲपल खात्यातून बाहेर पडून, तुमच्यासमोर रीसेट करायला हवा. अँड्रॉइडवरही गूगल खातं आधी काढायचं आणि मग रीसेट करायचं. क्रम उलटा झाला तर फोन सुरू होताना जुन्या मालकाचं खातं मागतो, आणि तोवर तो माणूस लोकलमध्ये बसून निघून गेलेला असतो. लॅपटॉप चालू करताना एखाद्या कंपनीचं नाव दिसलं, तर ते यंत्र कदाचित कंपनीचं आहे आणि ती ते दूरून बंद करू शकते. ऐरोली-महापे पट्ट्यात असे लॅपटॉप विक्रीला दिसले तर कंपनीने तो विकल्याचं पत्र मागा.

वस्तू न बघता टोकन देऊ नका, पाचशे रुपयेसुद्धा नाही. छोट्या वस्तूची देवघेव दिवसा, सीसीटीव्ही असलेल्या गर्दीच्या जागी करा: वाशी किंवा सीवूड्स स्टेशनचा परिसर, ठाण्यात एखाद्या मॉलचा तळमजला. फ्रिज-वॉशिंग मशीनसाठी घरी जावंच लागतं. तेव्हा सोबत कोणीतरी न्या, यंत्र चालवून बघा आणि सोसायटीचा गेटपास विकणाऱ्यालाच काढायला सांगा. लाकडी सामानाचे सांधे, पलंगाच्या फटी आणि मागची पाठ टॉर्चने बघा. ढेकूण आणि वाळवी तिथेच लपतात.

स्कूटर किंवा कार विकणार असाल तर पैसे हातात आले म्हणजे व्यवहार संपला असं होत नाही. नोंदणी तुमच्या नावावर आहे तोवर अपघाताची भरपाई तुमच्यावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. ई-चलनंही तुमच्याच मोबाइलवर येत राहतात. म्हणून गाडीची मालकी बदलण्याच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देऊ नका. नाव, पत्ता, तारीख, चेसिस क्रमांक भरून मग सही करा आणि विक्रीची सूचना १४ दिवसांत आरटीओला द्या. गाडी ठाण्याची एमएच-०४ आणि घेणारा वाशीचा, म्हणजे एमएच-४३, असं असेल तर कागद कुठे द्यायचे ते आधीच दोघांनी ठरवा. घेणाऱ्याने चेसिसवर कोरलेला आकडा आरसीशी जुळवावा, थकीत चलनं तपासावीत आणि कर्जाचा बोजा दिसला तर बँकेचं ना-हरकत पत्र व बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. चाचणीसाठी स्कूटर देताना मागे स्वतः बसा. आधारची प्रत द्यावीच लागली तर मास्क केलेली (सुरुवातीचे आकडे झाकलेली) द्या आणि तिच्यावर 'फक्त या गाडीच्या विक्रीसाठी' असं तारखेसह आडवं लिहा.

एवढं करूनही पैसे गेले तर लाजेने गप्प बसू नका, त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते. यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरच्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. बँकेला कळवा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा आणि मिळालेला पोच क्रमांक घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा. चॅट डिलीट करू नका, आणि जाहिरात हटवण्याआधी तिचे व समोरच्याच्या प्रोफाइलचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्यानंतर 'पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा' असा फोन आला, तर त्यालाही एक रुपया देऊ नका.