नारोशंकराच्या घंटेपासून अर्नाळ्याच्या भरतीपर्यंत : माझा अनुभव

नाशिकला कुठला आलाय समुद्र, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला तोंडावर विचारलं होतं. गणपतीत थर्माकोलच्या देखाव्याऐवजी पालघर जिल्ह्याच्या सागरी वारशाचं प्रदर्शन लावूया असं मी सुचवलेलं. माझ्या बायकोचं माहेर अर्नाळा, वसईजवळचं समुद्रकाठचं गाव, लग्न झाल्यापासून तिकडे जातोय, आणि दरवेळी वाटायचं की ह्यातलं काहीच कुठे नीट लिहून ठेवलेलं नाहीये. मी उत्तर दिलं, आपल्या गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा कुठून आली सांगा. सगळे गप्प. ती वसईची! मे १७३९ ला चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्यानंतर ही घंटा नाशिकला आली. गोदाकाठी आपण रोज जिच्याखालून जातो तिच्यावर १७२१ साल आहे आणि ती समुद्रकाठच्या किल्ल्यातली आहे, हे ऐकल्यावर विषय पास झाला.

मग खरं काम सुरू झालं. आधी मी पांडवलेणीत गेलो, १० नंबरच्या लेण्यात व्हरांड्याच्या भिंतीवर छताखाली उषवदाताचा लेख आहे, राजा नहपानाचा जावई तो, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. शंभर वेळा बघितलाय पण वाचता कधीच आला नव्हता. ह्यावेळी जुन्या पुस्तकांच्या स्कॅनमधून त्याचं वाचन काढलं, ओळखीच्या संस्कृतच्या मॅडमना घेऊन गेलो, आणि त्या मान वर करून एकेक शब्द बोट दाखवून सांगत होत्या. त्यात लिहिलंय की त्याने इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका ह्या नद्यांवर लोकांना फुकट पार करायला नावा ठेवल्या. दाहनुका म्हणजे आपल्या डहाणूची नदी! पुढे शोर्पारग पण येतं, म्हणजे वसईजवळचं जुनं बंदर सोपारा, आणि नानंगोल गावातली ३२,००० नारळाची झाडं दान दिल्याचं पण येतं. नाशिकच्या डोंगरात बसून कोणीतरी बोटींचा आणि नारळांचा हिशोब दगडात कोरून ठेवलाय, मला तर तिथेच अंगावर काटा आला.

सोपाऱ्याला गेलो तेव्हा अजून एक धागा जुळला. तिथला स्तूप १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरला, आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, तांब्याचा, चांदीचा, असं करत शेवटचा सोन्याचा. आणि पांडवलेणीतले लेख वाचण्यात पण ह्याच माणसाचं मोठं काम आहे. बंदरावर व्यापाऱ्यांचा पैसा होता म्हणून तिथे असा स्तूप उभा राहिला आणि तोच पैसा घाट चढून आमच्या लेण्यांपर्यंत आला असं माझं मत झालंय.

जुन्या बंदराच्या नोंदी बघायला एका सरकारी ऑफिसात तीन चकरा मारल्या, प्रत्येक वेळी साहेब मीटिंगला. रजा फुकट गेली, राग आला, सोडून दिलं.

त्यापेक्षा कितीतरी जास्त मिळालं ते बायकोच्या मामांकडून. आयुष्यभर तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, होते ते. पहिल्या दिवशी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं तर मामा दोन वाक्यं बोलून थांबले. म्हणाले, "जावयबापू, ते ठेवा बाजूला, आधी जेवून घ्या." दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या जुन्या होडीजवळ घेऊन गेले, फळ्यांच्या फटीत बोट घालून दाखवलं की तेलात भिजवलेली कापसाची वात कशी ठोकून बसवायची, थोडी जरी सैल राहिली तरी पाणी आत. मग उधाण आणि भांग. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला जोराची ओढ, तेव्हा डोलजाळ्यात, म्हणजे पाण्याच्या ओढीत बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, मासळी. अष्टमीच्या आसपास भांग, ओढ कमी. मी विचारलं भरतीची वेळ कशी कळते, तर म्हणाले, "तिथीची पाऊणपट करा." चतुर्थी म्हणजे चार, त्याचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. घड्याळ नसताना ह्यावर अख्खा धंदा चालला! समोर पाण्यात अर्नाळ्याचा किल्ला, दारावर बाजीरावांचं नाव असलेला शिलालेख, आणि बाजूला वैतरणा नदी समुद्राला मिळते, ती उगम पावते आपल्या त्र्यंबकला, हे मामांना सांगितलं तर ते बराच वेळ खाडीकडेच बघत बसले.

प्रदर्शनात १८ बोर्ड लावले. पहिले चार दिवस लोक प्रसाद घेऊन सरळ पुढे जायचे, बोर्डावर मजकूर फार झाला होता आणि अक्षर बारीक. पाचव्या दिवशी सहा बोर्ड काढून टाकले, तिथे भिंतीवरचं एक कॅलेंडर आणि एक पाटी ठेवली, "आजची भरती तुम्ही काढा". त्यानंतर पोरं हलेचनात, आजोबा मंडळी तिथीवरून भांडायला लागली, आणि मग आपोआप बाकीचे बोर्ड पण वाचले गेले. मामांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा त्यांनी एका बोर्डावरचा होडीचा फोटो उलटा लागलाय हे लगेच पकडलं, तो त्याच रात्री बदलला.

अनंत चतुर्दशीला सकाळी विसर्जनाची तयारी चालू होती, बी विंगमधली सहावीतली मुलगी बोटांवर काहीतरी मोजत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, अर्नाळ्याला आज साडेदहाला भरती ना?" मी मामांना फोन लावून तिच्याच हातात दिला.