फासे, क्यूब आणि कमांड लाइन: गीक जादूची कादंबरी पक्की करताना आलेला माझा अनुभव

माझ्या कादंबरीतली जादू पुण्याच्या तपकीर गल्लीत घडते, आणि मंत्र चालतात ते फाशांवर, रुबिक क्यूबवर आणि टर्मिनलच्या, म्हणजे संगणकाला आज्ञा टाइप करून द्यायच्या, काळ्या पडद्यावर. पहिला खर्डा हाती आल्यावर भाषेला हात लावण्याआधी एक यादी केली. जिथे जिथे जादू होते ती प्रत्येक जागा स्प्रेडशीटमध्ये घेतली. रकाने चार: प्रसंग, जादूचा उगम, त्या उगमाची मालकी कोणाची, आणि नाव पुसलं तर जादू उरते का?

खरा निकाल चौथा रकाना देतो. पात्रानं एखाद्या गाजलेल्या सिनेमातली तलवार हवेतून उपसली, तर वाचकाची टाळी त्या सिनेमाला असते. नाव पुसलं की हातात नुसती तलवार. फाशाचं गणित, क्यूबची बंधनं, प्रोग्राममधल्या परवानग्या यांचं तसं होत नाही. नाव काढलं तरी त्यांचा पीळ कायम राहतो. ज्या प्रसंगांपुढे ‘नाही’ लागलं ते एकतर काढले, नाहीतर अशा एखाद्या यंत्रणेवर नव्यानं उभे केले.

सुरुवात क्यूबपासून करावी, कारण त्याचे नियम लोखंडी आहेत. ३×३ क्यूबच्या सुमारे ४३ वर १८ शून्यं इतक्या मांडण्या होतात आणि त्यातली कुठलीही मांडणी २० किंवा त्याहून कमी चालींत सुटते, हे २०१० मध्ये संगणकांच्या मदतीनं सिद्ध झालं. (अर्धा फेरा फिरवला तरी ती एकच चाल.) वीस चालींचं कुलूप ही कल्पना छान आहे, पण त्याहून कामाची गोष्ट क्यूबच्या बिघाडात सापडते. क्यूब उकलून एकच कोपरा जागच्या जागी पिळून परत बसवला, तर नुसत्या फिरवण्यानं तो क्यूब कधीही सुटत नाही. सगळे तुकडे सुटे करून मनाला येईल तसे जोडले, तर सुटण्याजोगी मांडणी मिळण्याची शक्यता १२ त १. खलनायकाला याहून स्वस्त हत्यार मिळणार नाही.

असा प्रसंग लिहिताना पिळलेला क्यूब हातातच ठेवावा. खालचा थर जुळतो, मधला जुळतो, वरचा पिवळा क्रॉसही होतो. तीन कोपरे गुपचूप बसतात आणि चौथ्याचा पिवळा रंग बाजूला तोंड करून उभा राहतो. सरावाचा माणूस इथे दुसऱ्या सेकंदाला ओळखतो की कोणीतरी क्यूब उघडला होता. नायिका सरावाची असेल तर तिलाही तेव्हाच कळलं पाहिजे. ती पुढची दोन पानं घाम गाळत बसली, तर क्यूब सोडवणारे वाचक पुस्तक मिटतील.

फाशांच्या बाबतीत वीस बाजूंच्या फाशाचा मोह आवरावा. त्याची प्रत्येक बाजू सारख्याच शक्यतेनं पडते, म्हणजे ५ टक्के. टेबलावर मजा येते, पण कादंबरीत मुरलेला मांत्रिक दर वीस वेळांत सरासरी एकदा तोंडघशी पडतो, हे हास्यास्पद दिसतं. मी सहा बाजूंचे दोन फासे घेतले. बेरीज १० किंवा जास्त आली तर जादू लागते, ७ ते ९ आली तर लागते पण काहीतरी मोजावं लागतं, ६ किंवा कमी आली तर उलटते. ३६ शक्यतांपैकी या तीन गटांना ६, १५ आणि १५ येतात. मांत्रिक कसलेला असेल तर बेरजेत १ मिळवायचा, की वाटणी १०, १६, १० होते. भूमिका-खेळ (रोल-प्लेइंग गेम) खेळणाऱ्यांना ही विभागणी ओळखीची आहे. कथेला लागते ती मधली पायरीच: काम झालं, पण फुकट नाही.

खर्डा लिहिताना फासे खरोखर टाकावेत, पण निकाल मुकाट्यानं मान्य करू नयेत. नवख्या मांत्रिकाचे सलग तीन प्रयोग उलटण्याची शक्यता जेमतेम ७ टक्के वाटते. पण पुस्तकात असे चाळीस प्रयोग असतील तर हे एकदा तरी घडण्याची शक्यता सुमारे ८५ टक्के होते. गणितात ते रास्त असतं, वाचकाला मात्र लेखकानं मुद्दाम छळ मांडल्यासारखं वाटतं. अशा ठिकाणी तिसऱ्यांदा फासे टाकू नयेत, पात्राला जादूवाचून मार्ग काढायला लावावं.

किंमत काय ठेवायची, हा प्रश्न मग येतोच. ताकदीची टाकी आणि ती रिकामी होणं ही सोय लिहायला सोपी, म्हणूनच कंटाळवाणी. दर प्रसंगात ‘आता किती उरली’ हे सांगत बसावं लागतं. अमेरिकी लेखक जॅक व्हान्स यांच्या कथांतून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळात आलेली रीत मला जास्त भावते. मंत्र आधी डोक्यात भरायचा, आणि वापरला की तो डोक्यातून पुसला जातो. ती शहरात आणली की किंमत आपोआप माणसाच्या पातळीवर येते: मंत्राबरोबर त्याला चिकटलेलं काहीतरीही जातं. कोणाचा फोन नंबर, कुठल्या गल्लीतला शॉर्टकट.

संदर्भाचं यंत्रणेत रूपांतर कसं होतं याचा नमुना म्हणजे कोनामी या व्हिडिओ गेम कंपनीचा संकेत, म्हणजे ठरावीक क्रमानं दाबायची बटणं: वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. ‘ग्रेडियस’च्या १९८६ च्या घरगुती आवृत्तीवर काम करताना काझुहिसा हाशिमोतो यांना तो खेळ तपासायला फार अवघड जात होता, म्हणून त्यांनी ही चोरवाट ठेवली आणि ती काढायची राहून गेली. कादंबरीत हा संकेत जसाच्या तसा टाइप करणारं पात्र नुसतं मिरवतं. त्यातलं तत्त्व उचललं, की बांधणाऱ्यानं चाचणीसाठी ठेवलेली वाट तशीच राहून जाते, तर शहरातली प्रत्येक जुनी लिफ्ट आणि प्रत्येक सिग्नल संशयास्पद होतो. जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीची लिफ्ट माझ्या कादंबरीत अशीच उघडते.

आता मालकीचा रकाना. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो, आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये हे नीट उलगडलं आहे. त्यामुळे दोन फाशांची रीत कोणीही वापरावी. नावं ही वेगळी भानगड. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत हॉबिट (टोल्किन यांच्या कादंबऱ्यांतली बुटकी जमात) होते, हक्कधारकांनी आक्षेप घेतल्यावर त्यांचे हाफलिंग झाले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतात; टोल्किन १९७३ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांसाठी १ जानेवारी २०३४ पर्यंत थांबा. उलट त्याच खेळाच्या नियमांचा एसआरडी (सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट) ५.१ हा गाभा जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘बाय ४.०’ परवान्याखाली खुला झाला आहे. त्यातलं काही घेतलं तर दस्तऐवजात दिलेली श्रेयपंक्ती हक्कांच्या पानावर छापावी. गाण्याच्या ओळी प्रकरणांच्या माथ्यावर लावायचा विचार असेल तर परवानगी आणा किंवा सोडून द्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधल्या रास्त वापराच्या सवलती खासगी वापर, संशोधन, टीका, परीक्षण, वार्तांकन यांसाठी आहेत. शोभेच्या ओळी तिथे बसवणं ओढूनताणून होतं.

वाचून घेताना दोन गट ठेवावेत: खेळणारे आणि आयुष्यात फासा न धरलेले. पहिला गट चुका पकडतो. दुसऱ्याला एकच विचारायचं, कुठे अडलात? अडलेल्या जागी तळटीप देऊ नका. पुढच्या दोन ओळींत जादूचा परिणाम दिसला की न खेळणारा वाचकही पुढे जातो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला अक्षरजुळणीनं. टर्मिनलवरचे मंत्र चिन्हांनी भरलेले असतात आणि वर्ड लिहितानाच त्यांची वाट लावतं: सरळ अवतरणं वाकडी करतं, जोडलेल्या दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतं. ‘टाइप करताना आपोआप बदल’ या सोयी आधीच बंद कराव्यात. जुळणीकार जुन्या, युनिकोडपूर्व फाँटवर काम करत असेल तर आणखी पंचाईत. त्या फाँटमध्ये उभी रेघ, महिरपी कंस अशा चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. मंत्रांच्या ओळींना वेगळी कॅरॅक्टर स्टाइल देऊन त्या रूपांतरातून वगळायला सांगा. शक्य असेल तर इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडच वापरायचा आग्रह धरा, आणि त्यातला कंपोझर (ओळी रचणारी सोय) ‘वर्ल्ड-रेडी’ आहे ना ते पाहा. नाहीतर जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. रूपांतर झालंच तर ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द शोधून तपासावेत, ऱ्य तिथेच तुटतो. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्यामुळे पडद्यावरचे रकाने स्पेस मारून कधीच जुळत नाहीत, त्यांना टॅब स्टॉपच लावावे लागतात.