वॉड्सवर्थकर

शब्दांशी आयुष्यभर व्यवहार केलेल्या विल्यम वर्डस्वर्थ या इंग्रज कवीला हे आडनाव इतके शोभून दिसते की ते त्याने मुद्दाम घेतले असावे, अशी शंका यावी. प्रत्यक्षात ते गावावरून आले आहे. यॉर्कशरमध्ये हॅलिफॅक्सजवळ वॉड्सवर्थ नावाचे ठिकाण आहे. जुन्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आणि त्याआधीचे अक्षर हा तिच्या कुणा जुन्या मालकाच्या नावाचा अवशेष. थोडक्यात, वेंगुर्लेकर आणि पेडणेकर यांच्या पंगतीला बसणारे हे आडनाव आहे. कवीचे पूर्वज त्याच परगण्यातील पेनिस्टनचे. त्यांच्यापैकी एका विल्यमने १५२५ साली घराण्याच्या पिढ्यांची नावे कोरलेले ओक लाकडाचे कपाट करवून घेतले होते, आणि ते पुढे कवीच्या घरी येऊन पोहोचले.

आडनावातील श्लेष मात्र कवीच्या नजरेतून सुटला नव्हता. १७८७ साली, शाळेत असतानाच, ‘युरोपियन मॅगझिन’मध्ये त्याचे सुनीत छापून आले, त्याखाली ‘ॲक्सिओलोगस’ अशी सही होती. ‘ॲक्सिओस’ (मोलाचा, म्हणजे ‘वर्थ’) आणि ‘लोगोस’ (शब्द, म्हणजे ‘वर्ड’) हे ग्रीक शब्द जोडून केलेले हे त्याच्याच आडनावाचे रूप. कोवळ्या वयातील ही हौस क्षम्य आहे. कारण याच माणसाने ‘लिरिकल बॅलड्स’ या कवितासंग्रहाच्या १८०० सालच्या प्रस्तावनेत, अलंकारांनी नटलेली काव्यभाषा बाजूला सारून माणसे खरोखर जी भाषा बोलतात तिच्यात कविता लिहावी, असा आग्रह धरला. (हा आग्रह त्याला स्वतःला नेहमी पाळता आला, असे मात्र मला वाटत नाही.)

मुंबईच्या एकोणिसाव्या शतकाविषयी वाचताना हे आडनाव वेगळ्याच संदर्भात भेटते, आणि तिथे थोडी सावधगिरी बाळगावी लागते. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य विल्यम वर्डस्वर्थ हे कवीचे नातू होते आणि नावही आजोबांचेच होते. गोपाळ कृष्ण गोखले १८८४ साली ज्या एल्फिन्स्टनमधून पदवीधर झाले, तेथे त्या काळी हेच वर्डस्वर्थ शिकवत होते. डिसेंबर १८८५ मध्ये गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा सहानुभूतीने हजर राहिलेल्या मोजक्या इंग्रजांत ते होते. त्यामुळे त्या काळच्या मुंबईविषयीच्या लेखनात नुसते ‘वर्डस्वर्थ’ आले, तर बहुधा प्राचार्यच समजावेत. कवी १८५० सालीच निवर्तला होता.