तुम्ही विचारलंत म्हणून: मेलबर्नचा तो घुमट

भारतातून आलेले पाहुणे कार्ल्टन गार्डन्समधला घुमट पाहून हमखास विचारतात, "हे चर्च का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न तयारच: "मग इतक्या मोक्याच्या जागी अजून उभं कसं? आपल्याकडे केव्हाच टॉवर झाला असता."

ही रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग. 1880 च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी बांधलेली. सोन्याच्या खाणींमुळे शहराच्या हाती पैसा खुळखुळत होता, तो जगाला दाखवायची हौस होती. आराखडा जोसेफ रीडचा. कंत्राटदार डेव्हिड मिचेल, म्हणजे गायिका नेली मेल्बाचे वडील. तात्पुरते मांडव प्रदर्शनानंतर उतरवले, घुमटाची इमारत राहिली. 1888 ला आणखी एक प्रदर्शन भरलं. पुढे काय?

माझं मत विचाराल तर ती देखणी म्हणून वाचली नाही. आपल्या मंगल कार्यालयासारखी ज्याला लागेल त्याला मिळत गेली, म्हणून वाचली. 9 मे 1901 ला ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संसदेचं उद्घाटन इथे झालं. त्या संसदेला बसायला व्हिक्टोरिया राज्याचं विधानभवन दिलं, त्यामुळे बेघर झालेले राज्याचे आमदार 1927 पर्यंत इथल्या पश्चिमेच्या जोडइमारतीत बसले! 1919 च्या फ्लूत इथे रुग्णांच्या खाटा लागल्या. दुसऱ्या महायुद्धात हवाई दल आलं, नंतर आवारात नव्याने आलेल्या स्थलांतरितांची सोय झाली. 1956 च्या ऑलिंपिकमध्ये कुस्त्याही इथेच. (कराडकडचे पाहुणे लगेच खाशाबांचं नाव काढतात. त्यांचं पदक 1952 चं, हेलसिंकीचं.)

तरी गंडांतर आलंच होतं. 1948 मध्ये इमारत पाडायची का यावर नगरपालिकेत मतदान झालं आणि थोडक्यात निभावलं. लगतचा बॉलरूम मात्र 1979 मध्ये पाडलाच. 2004 मध्ये बागेसकट जागतिक वारसा यादीत नाव लागलं. हा मान मिळालेली ऑस्ट्रेलियातली ही पहिली इमारत.

वारसा झाली तरी काम सुटलं नाही. विद्यापीठाच्या परीक्षा इथे झाल्या आहेत: लाकडी जमिनीवर टेबलांच्या लांबच लांब रांगा आणि वर 1901 च्या समारंभासाठी रंगवलेली भित्तिचित्रं. उत्तर आठवेना की मान वर. 2021 मध्ये कोविडची लसही इथे टोचली.

घुमटालगतची गच्ची 2022 पासून पुन्हा खुली आहे. वर जायचं तर शेजारच्या म्युझियमची गाइडेड टूर घ्या.