तुम्ही विचारलंत म्हणून: मोर्चाचं गाणं कुठून बांधायला घ्यायचं?

"आमच्या आंदोलनासाठी शाहिरी बाजाचं गाणं हवंय. लिहून देता का? नाहीतर कसं लिहायचं ते तरी सांगा." विचारणाऱ्यांनी बहुतेक वेळा सोबत एक कविताही जोडलेली असते. कविता पुष्कळदा चांगली असते, पण ती उभ्यानं, उन्हात, चारशे माणसांबरोबर म्हणता येत नाही. लिहिताना शाहीर डोळ्यांसमोर असतो, झीलकरी नसतो, आणि गडबड तिथेच होते.

झीलकरी म्हणजे शाहिरामागे उभे राहून "जी जी रं जी" ओढणारे, त्याची ओळ उचलून परत म्हणणारे दोघे-तिघे. ते शोभेसाठी नसतात. ते ओळ धरतात तेवढ्यात शाहिराला श्वास मिळतो आणि पुढची ओळ आठवते. त्यांचं बघूनच लोकांना कळतं की आपण नेमकं कुठे तोंड उघडायचं. म्हणून गाणं बांधताना आधी झीलकऱ्याची ओळ, म्हणजे पालुपद, आणि मग चौक, म्हणजे मधली कडवी. उलट केलंत तर चौक झकास होतात आणि पालुपद उरलेल्या शब्दांतून ओढूनताणून बसवावं लागतं.

पालुपद एका श्वासात संपायला हवं. केरवा तालाची दोन आवर्तनं, म्हणजे सोळा मात्रा, पुरेत. शेवटचं अक्षर आकारान्त, ईकारान्त किंवा ओकारान्त ठेवा, कारण गर्दी शेवट ओढते. 'वाट', 'हक्क' असे शब्द शेवटी आले की ओढायला स्वरच उरत नाही आणि चारशे जण चार वेगळ्या वेळी थांबतात. जोडाक्षरंही जपून वापरा. 'शोषणमुक्त', 'संघर्षरत' हे पत्रकातले शब्द आहेत, चालत्या गर्दीच्या तोंडी त्यांचा भुगा होतो. मागणी, आकडे, मंत्र्यांची नावं पालुपदात घालू नका. मंत्री बदलतो, आकडा बदलतो, मग अख्खं गाणं टाकून द्यावं लागतं. ती जागा चौकाची. चौक उद्या नवा रचता येतो.

नमुना हवा तर अण्णाभाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड, म्हणजे लावणीच्या धाटणीचं गाणं, उलगडून बघा. १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं होतं. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ही छक्कड गाजली. बराच वेळ गाणं पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाचं आणि गावी राहिलेल्या त्याच्या बायकोचंच आहे. तिचं रूप, तिचा निरोप, मग मुंबईतली वणवण. राजकारणाचा शब्द नाही. गिरणगावातल्या श्रोत्याला ते स्वतःचंच वाटतं, कारण त्याचीही मैना घाटावर नाहीतर कोकणात राहिलेली. इतकं झाल्यावर मग बेळगाव, कारवार येतात. बायकोपासून तुटलेला माणूस आणि महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूख एका सुतात ओवले जातात. मागणी शेवटी आली म्हणून ती लागते. आजची बरीच गाणी पहिल्याच ओळीत मागणी मांडतात आणि दुसऱ्या ओळीपासून त्यांची घोषणा होते. घोषणा वाईट नसते, पण तिला ढोलकी कशाला?

चाल नवी करायच्या भानगडीत पडू नका. ओवी, भारूड, गोंधळ, कोळीगीत यांतली लोकांच्या कानात बसलेली चाल घ्या. सिनेमाची चाल पटकन चढते, पण लोक मूळचे शब्द गुणगुणू लागतात, आणि गाणं रेकॉर्ड करून टाकलं तर हक्काचा प्रश्न वेगळाच. पालुपद सा पासून ध पर्यंतच्या सहा सुरांत बसवा. पट्टी, म्हणजे तुमचा सा, पेटीवरची काळी एक किंवा काळी दोन. शाहीर मंडळी हौसेनं काळी चार लावतात. ऐकायला भारी, पण पुरुषांच्या गर्दीला तो वरचा ध गाठत नाही आणि बायका अधल्यामधल्या सुरात अडकतात. चौकात शाहिरानं खुशाल वर जावं, तिथे गर्दी ऐकत असते.

संच पाच-सहा जणांचा पुरे: शाहीर, दोन झीलकरी, ढोलकी, तुणतुणं, आणि जमलं तर टाळ. डफ शाहिराच्याच हातात. पावसाळ्यात डफाचं कातडं सैल पडतं आणि आवाज ओल्या पोत्यासारखा येतो. निघण्याआधी कागदाच्या जाळावर लांबूनच, फिरवत फिरवत शेका. जवळ धरलात तर कातडं तडकतं. कातड्याऐवजी बसवलेलं फायबरचं पान भिजत नाही, पण ते टणटणतं आणि शब्दांवर चढतं. तुणतुण्याची तार शाहिराच्या सा ला लावलेली असते. चालताना खुंटी घसरते, तिला थोडा खडू चोळा. हातातल्या भोंग्यापासून तोंड दोन बोटं लांब ठेवा आणि ढोलकीही दूर. मंचावर माइक कमी असतील तर एक शाहिराला, दुसरा झीलकऱ्यांना. ढोलकीला माइक नसला तरी चालतं, झीलकऱ्यांना हवाच. आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, तेव्हा लांबलचक पोवाडा शेवटी ठेवू नका. मोर्चाच्या थांब्यावर तीन चौक, सहा-सात मिनिटं, बस.

"यावर पोट भरतं का?" हा पुढचा प्रश्न असतोच. या परंपरेतल्या मोठ्यांचंही भरलं नाही. अण्णाभाऊंनी गिरणीत काम केलं, कथा-कादंबऱ्या लिहिल्या, त्यांवर सिनेमे निघाले, १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले. आणि १८ जुलै १९६९ रोजी वारले ते गरिबीतच. लोककवी वामनदादा कर्डकांनीही मुंबईत अंगमेहनतीची कामं करत हजारो गाणी रचली. तेव्हा दुसरं उत्पन्न धरूनच या कामात या, आणि प्रवास, जेवण, वादकांची बिदागी आयोजकांकडून आधी ठरवून घ्या. चळवळीतले लोक शाहिराला हार घालतात आणि ढोलकीवाल्याला विसरतात.

गाणं हातातून निसटतं, नाव पुसलं जातं, ही तक्रारही जुनीच. त्यावरचा उपायही जुना: शेवटच्या कडव्यात छाप, म्हणजे स्वतःचं नाव, घाला. वामनदादा 'वामन' असं तीन अक्षरांत नाव ओवतात. नाव वजनात आणि यमकाच्या आधाराला बसवलं की गाणाऱ्याला ते गाळता येत नाही, गाळलं तर ओळ लंगडते. ओळीच्या सुरुवातीला सुटं ठेवलेलं नाव मात्र कुणीही उडवतो.

गाणं तयार झालं की ते आधी गाणं न येणाऱ्या दहाजणांपुढे म्हणा, हातात कागद देऊ नका. पालुपद तिसऱ्या खेपेला त्यांनी आपणहून उचललं नाही, तर चौकांना हात लावू नका, पालुपद बदला. बहुतेक वेळा दोष शेवटच्या अक्षरात सापडतो.